गोंदियाच्या मिस्त्रीची कडी

मोटारसायकलची चेन फार सैल पडली होती, म्हणून तिची एक कडी मी घरीच काढली. साहित्य : कानस, खिळा, हातोडी आणि मोबाइलवरचा एक व्हिडिओ. कडी निघाली, पण तिच्यासोबत डाव्या अंगठ्याचं नखही काळंनिळं झालं आणि चेनची दोन टोकं काही केल्या जुळेनात. माझी बायको अल्का दारातूनच म्हणाली, "आता ढकलत न्या."

ढकलत आमच्या गोंदियाजवळच्या गोरेगावच्या बाजारात जागेश्वरभाऊंकडे आलो. राइस मिलमध्ये धान वर चढवणाऱ्या यंत्राच्या जाडजूड चेना जोडण्यात यांची निम्मी जिंदगी गेली. तिथं चेन कोणीही तोडो, बोट यांच्याकडेच वळायचं. तेव्हापासून ते सगळ्यांवर संशय घेतात. आता निंबाखाली गाड्या दुरुस्त करतात, पण गाडी आपोआप बिघडते हे त्यांना मान्य नाही. कोणीतरी बिघडवतोच! समोरच्या टपरीतला चहाही ते आधी हुंगतात. आणि दुसऱ्यानं नासवलेला भाग निंबाला बांधलेल्या तारेत ओवून ठेवतात, विचारणाऱ्याला नावगावासकट सांगायला.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. माझ्या वर्गातल्या पोरांचे सगळे आईबाप त्याच तारेखालून बाजाराला जातात.

"कोनं केलं हे?" जागेश्वरभाऊंनी चेन उचलून विचारलं.

"गोंदियाच्या एका मिस्त्रीनं."

"कोनता? तो स्टेशनाजवरचा चष्मेवाला?"

"हो, तोच."

"तो त दोन सालापासून रायपूरले राहून राहिला."

"मग बिनचष्म्याचा असेल."

"असन," ते म्हणाले आणि माझ्याकडे पाहतच राहिले. मी डावा हात खिशात घातला.

"चेनमंधी एक कडी रुंद, एक अरुंद. नवरा-बायको. काढाची त जोडीनं काढाची. यानं एकली बायको काढली, नवरा कोनाच्या भरोशावर ठेवला? गोंद्याचा मिस्त्री आंधरा असला तरी जोडी नाही तोडत, गुर्जी."

"घाईत असेल बिचारा."

"तुमाले काऊन त्याची एवढी दया येऊन राहिली?"

मी निंबाच्या तारेतले भाग मोजू लागलो.

त्यांनी पिनेचं डोकं कानशीनं घासून सपाट केलं, कडीखाली एक जुना नट ठेवला, वर पंच धरून हातोडीचा एकच ठोका दिला. पिन नटाच्या भोकात टुपकन पडली आणि नवराही सुटला. दोन्ही टोकं जोडणारं लॉक बसवलं, त्याच्या क्लिपचं बंद तोंड चेन धावते त्या दिशेला ठेवलं. चाक फिरवलं, तर चेन हूं की चूं न करता धावली.

मग माझ्याकडून ती एकली बायको मागून घेतली आणि नवऱ्यासोबत तारेत ओवली. सगळ्या बाजारासमोर माझं विज्ञान लटकू लागलं.

"जागेश्वरभाऊ," मी हळूच विचारलं, "कोणी विचारलं तर नाव कोणाचं सांगाल?"

तारेला पीळ देत ते म्हणाले, "गोंद्याच्या मिस्त्रीचं सांगतो, तुमी फक्त अंगठा झाकून फिरा."