मनोरा आणि फाटकाजवळचे टेबल

मी व्यवसायाने अर्जनवीस आहे. नाशकातील एका सरकारी कचेरीच्या आवारात, पत्र्याच्या छपराखाली बसून, लोकांची गाऱ्हाणी शासनाच्या कानी पडतील अशा भाषेत मांडण्यात माझी हयात गेली. शाळेने मला आठवीत सोडले, भाषेने मात्र सोडले नाही. सनद मिळवलेल्या कित्येक वकिलांनी माझा मसुदा स्वतःच्या सहीने पुढे सरकवला आहे. हे प्रारंभीच नमूद करतो, कारण पुढील मजकूर मोबाइलवरील एका पत्त्यांच्या खेळाविषयी आहे, आणि तो कोणा रिकामटेकड्याने लिहिला असा वाचकाचा समज होऊ नये.

अर्ज संगणकावर भरण्याची पद्धत आली आणि छपराखालची माणसे दुपारभर मोकळी बसू लागली. मागच्या रांगेत आम्ही दोघेच होतो, मी आणि मास्तर. मास्तर देवळ्याकडचे. पूर्वी टायपिंगचा वर्ग चालवीत, म्हणून मास्तर; पुढे उजव्या हाताची बोटे थरथरू लागली तरी ते टाइपच करीत राहिले. हा खेळ मला त्यांनी शिकवला. शिकवला म्हणजे, मी खेळात मरत असताना शेजारी बसून हसले.

खेळ असा. एक मनोरा मजल्यामजल्याने चढायचा असतो. आरंभी मोजके पत्ते मिळतात, काही वाराचे, काही ढालीचे, सगळेच सामान्य. मजल्यावरचा शत्रू मेला की खेळ आपल्यापुढे नवे पत्ते मांडतो. त्यांतला एक घ्यावा, किंवा एकही घेऊ नये. असा आपला पत्त्यांचा कॅट तयार होत जातो. मरण आले की मात्र मिळवलेले सर्व हिसकावले जाते आणि माणूस त्याच फुटक्या शस्त्रांनिशी पुन्हा तळमजल्यावर उभा राहतो. तेथे अपील नाही. पुनर्विचाराचा अर्जही नाही.

माझी पहिली चूक माझ्या व्यवसायातून आली. अर्जात एकही कारण गाळायचे नसते, कारण खाली गाळलेले कारण वरच्या साहेबापुढे सहसा मांडू देत नाहीत. म्हणून शेतरस्त्याच्या अर्जातही मी वहिवाट, पाण्याचा पाट, शेजाऱ्याची शिवीगाळ आणि म्हशीस झालेली इजा हे सारे घालतो. त्याच न्यायाने पुढे आलेला प्रत्येक पत्ता मी घेत गेलो. कॅट फुगला. ज्या एका पत्त्यावर भिस्त होती तो ढिगाच्या तळाशी राहिला, आणि हातात भलतीच पाने घेऊन मी मेलो.

"भाऊसाहेब," मास्तर म्हणाले, "हा कॅट आहे का तेराव्याची पंगत? दिसेल त्याला बसवलंय."

"पत्ते चांगले होते."

"चांगले होते म्हणूनच मेलात. वाईट असते तर घेतले असते का?"

तेव्हा नवशिक्याने पहिली गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे मांडलेला पत्ता चांगला आहे का, हा प्रश्नच नव्हे. आपल्या कॅटला त्याची गरज आहे का, एवढेच पाहावे. नसेल तर रिकाम्या हाताने पुढे जावे.

दुसरी गोष्ट मी अपमानाच्या मोबदल्यात शिकलो. या खेळात शत्रू आपला हेतू लपवीत नाही. तो पुढच्या खेपेस काय करणार याचे चिन्ह त्याच्या डोक्यावर उमटते. तलवार दिसली तर वार येणार, आणि किती मोठा तेही तेथेच दिसते. मोठा वार दिसला की आधी ढाल धरावी. मी तसे करीत नसे. समोरच्याने तलवार उपसली की मलाही त्वेष चढे, आणि मी वारावर वार करीत मरे.

"आठवी पास झाला असतात," मास्तर मोठ्याने म्हणाले, "तर डोक्यावरचं वाचता आलं असतं."

त्या वेळी माझ्यासमोर घोटीची एक बाई वारसनोंदीचा अर्ज लिहून घ्यायला बसली होती. तिने माझ्याकडे पाहिले, पिशवी उचलली आणि ती पुढच्या रांगेत जाऊन बसली. मास्तर तिच्याकडे पाहून पुन्हा हसले.  मी ते विसरलो नाही.

तिसरी गोष्ट निवडीची. वाटेत शेकोटी लागते. तेथे जखमा भराव्यात किंवा एखाद्या पत्त्यास धार लावावी. दोन्ही मिळत नाही. घाबरट माणूस प्रत्येक शेकोटीवर जखमा भरतो आणि शेवटच्या शत्रूपुढे धडधाकट देहाने व बोथट शस्त्राने मरतो. मनोऱ्यात दुकानही असते. तेथे नवा पत्ता घेता येतो तसा जुना काढूनही टाकता येतो. काढून टाकण्यासाठी सोने मोजावे हे नवशिक्यास वेडेपणाचे वाटते. परंतु पहिल्या मजल्यापासून साथ दिलेला साधा वार हाच प्रथम काढावा. त्याने काही वाईट केलेले नसते. तो समर्थ पत्त्याची जागा अडवून बसलेला असतो, एवढेच.

हे सारे अंगवळणी पडेतो पावसाळा सरला, आणि कचेरीतून निरोप आला की मागच्या रांगेचे छप्पर काढून तेथे साहेबांच्या गाड्या उभ्या राहणार. त्याच सुमारास फाटकाजवळचे टेबल रिकामे झाले, कारण तेथले वृद्ध अर्जनवीस लेकीकडे कायमचे राहायला गेले. टेबल एक आणि उठणारे दोघे. ज्याला ते मिळणार नाही त्याला आवार सोडावे लागणार होते. आवारात कोणी कोठे बसावे हे साहेब ठरवीत नाही, आम्हीच ठरवतो. पण मधल्या रांगेचे एकमत होईना. मास्तरांचे वय अधिक, माझी जागा जुनी.

तोड चहावाल्या मावशीने काढली. तीही घोटीकडचीच, आणि तिच्या जिभेला हाड नाही.

"रोज मरता ना दोघं त्या फोनात?" ती म्हणाली. "मग एकदा मरूनच ठरवा. ज्यो वर पोचंल त्यो बसंल, दुसऱ्यानं घरी जायचं."

लोक हसले. मी हसलो नाही, मास्तरही हसले नाहीत, आणि मग बाकीचेही हसायचे थांबले. मुद्रांक विकणारे चाचा पंच झाले. चाचांचे घराणे मालेगावच्या विणकरांचे, त्यांचा शब्द कोणी मोडत नाही. त्यांनी नियम सांगितला. प्रत्येकाने एकदा चढायचे. दोघेही मेले तर पुन्हा.

"सल्ला बंद. कोणी सल्ला दिला तर त्याचं तोंड मी मुद्रांकाच्या गोंदानं चिकटवीन."

"आणि टोमणे?" मावशीने विचारले.

"टोमणे चालतील. टोमण्यानं कुणाचं भलं होत नाही."

प्रथम मास्तर चढले. मान्य केले पाहिजे की ते उत्तम खेळले. कॅट आटोपशीर, पत्त्यांना धार, ढाल वेळेवर. त्यांचे बोट थरथरून एकदा भलताच पत्ता पडला, तेव्हा मधल्या रांगेतून कोणी ओरडले, "मास्तर, टाइप करताय का?" आणि छपराखाली हशा उसळला. मास्तरांनी मान वर केली नाही. ते शेवटच्या शत्रूपर्यंत पोहोचले आणि त्यांनी त्याला अर्धमेला केले.

येथे चौथी गोष्ट सांगतो. वाटेत औषधाच्या बाटल्या सापडतात. एखादी बळ देते, एखादी वार झेलते. प्रत्येक बाटली एकदाच वापरता येते, आणि म्हणूनच नवशिका ती जपतो. आणखी वाईट प्रसंग येईल, तेव्हा काढू, म्हणतो. मास्तर नवशिके नव्हते, परंतु ही खोड त्यांची कधीच गेली नाही. त्यांच्याकडे तीन भरलेल्या बाटल्या होत्या. शत्रूच्या डोक्यावर मोठा वार उमटला होता. मी बाटल्यांकडे पाहत होतो, चाचाही पाहत होते. सल्ला बंद होता. मास्तरांनी हातातली ढाल धरली, ती अपुरी पडली, आणि ते मेले.

"काय शे हे!" ते एवढेच म्हणाले. चिडले की त्यांच्या तोंडी गावची बोली येई.

"बाटल्या सरणावर ठिवायच्या व्हत्या का?" मावशी म्हणाली. या खेपेस हसणारे कमी होते.

मग मी चढलो. मास्तर शेजारीच बसले. माझ्या प्रत्येक पत्त्याला त्यांनी नावे ठेवली. "भाऊसाहेब घाम पुसा, फोन भिजेल." "बघा हं, पुढचा मजला नववीचा आहे." मी त्यांच्याकडे लक्ष दिले नाही. पुढे आलेले पत्ते नाकारीत गेलो, साधे वार दुकानात काढून टाकले, आणि शेवटच्या शत्रूपुढे उभा राहताच पहिल्याच डावात सर्व बाटल्या रिकाम्या केल्या. माझा कॅट इतका लहान होता की हवा तो पत्ता वरचेवर हाती येत होता. शत्रू पडला. पडद्यावर पायऱ्या उजळल्या. चाचांनी माझा फोन हातात घेऊन सर्वांना दाखवला आणि ते म्हणाले, "टेबल भाऊसाहेबांचं."

दुसऱ्या दिवशी मी फाटकाजवळ बसलो. दहाच्या सुमारास मास्तर आले. केसांना तेल लावून भांग पाडला होता, सदरा इस्त्रीचा होता. माझ्यासमोर ते उभे राहिले, जसे लोक माझ्यासमोर उभे राहतात.

"साहेब," ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी साहेब म्हटले नव्हते. "कोपऱ्यात एक स्टूल टाकून बसलो तर चालेल का? टायपिंगचं आलं तर मी करीन, लिखाण सगळं तुमचं. देवळ्याला धाकट्या भावाकडं गेलो तर भावजय ताट वाढते, नाही असं नाही. पण आदळते."

मी विचार केला. स्टुलास जागा होती. तथापि एका टेबलामागे दोन माणसे दिसली की येणारा गोंधळतो आणि तिसऱ्याकडे वळतो. आणि मास्तर कोपऱ्यात गप्प बसणारे गृहस्थ नव्हते. चार दिवस साहेब म्हणाले असते, पाचव्या दिवशी एखाद्या अर्जदारापुढे माझी आठवी काढली असती.

"मास्तर," मी म्हणालो, "कॅट लहान ठेवावा. तुम्हीच शिकवलंत."

फाटकातून येणारेजाणारे थांबले नाहीत, पण छपराखालचे सारे थांबले. मावशी किटली घेऊन उभी होती.

"अवो, पत्ता नाय त्यो," ती म्हणाली. "माणूस हाय."

"मावशी, एक चहा द्या," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिले, आणि चहा मास्तरांना दिला. त्यांनी तो उभ्यानेच घेतला. थरथरणाऱ्या हाताने थोडा सांडला, तो इस्त्रीच्या सदऱ्यावर गेला. त्यांनी कप परत केला आणि ते माझ्याकडे वळले.

"बरोबर शिकलात भाऊसाहेब. मी वर्ग चालवला इतकी वर्षं, पण एवढं पक्कं कुणी शिकलं नाही."

मग ते मागच्या रांगेत गेले आणि आपले यंत्र उचलून निघाले. चाचांनी हात पुढे केला, तो त्यांनी कोपराने बाजूला सारला. द्वारका चौकापर्यंत रिक्षा आणि तेथून देवळ्याची गाडी, असे त्यांनी कोणाला तरी सांगितलेले मी ऐकले.

त्यांच्या तोंडून मला मिळालेली ती पहिली शाबासकी. ती खरी होती, हे मला माहीत होते, कारण मास्तर खोटी स्तुती कधीच करीत नसत. मी उठलो नाही. माझ्यापुढे वहिवाटीच्या रस्त्याचा एक अर्जदार बसला होता, त्याला घाई होती, आणि अर्जात कोणती कारणे घालावीत हे मला त्याला विचारायचे होते.