पाण्याचा तांब्या

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी खुर्ची उचलून दुसरीकडे जाऊन बसतो. कोयलीच्या रिफायनरीत उमेदीची वर्षं घालवलेला माणूस मी... समोरच्या मीटरचा काटा दाखवेल तेवढंच खरं मानणारा. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय.

बडोद्यात, रावपुऱ्यात आमचं लॉज आहे. सरकारी कामासाठी येणाऱ्या लोकांसाठी पणजोबांनी सुरू केलेलं. रीत एकच — पाहुणा आला की पाण्याचा पहिला तांब्या मालकाने स्वतः खोलीत नेऊन द्यायचा. नोकराने नाही. ती मी मोडली. बाबांना लकवा झाल्यावर लॉज माझ्याकडे आलं आणि मी खोल्यांत सीलबंद बाटल्या ठेवल्या. बाबा लॉजपासून लांब, हरणीच्या फ्लॅटवर, आईजवळ. उजवी बाजू गेलेली, वाचा नाही.

एका दुपारी सुरतेचे एक गृहस्थ आले. थोड्या वेळाने खाली येऊन, या वयात वडिलांना पाणी घेऊन वर कशाला पाठवता म्हणून मलाच रागावले, "अरे भाई, आ उंमरे बापुजीने केम उपर मोकलो छो? जाते पाणी आपी गया!"

कोण बापूजी? तर पांढरा सदरा, कानात भिकबाळी... बाबाच! वर धावलो. कपाटात गुंडाळून ठेवलेला तांब्याचा तांब्या टेबलावर होता, भरलेला. कोणीतरी चेष्टा केली म्हणून मी स्वयंपाकघरातल्या सगळ्यांवर उखडलो. तेवढ्यात आईचा फोन.

"अरे, ह्यांना धाप लागलीय! पडल्यापडल्या... जिना चढून आल्यासारखी."

पुढे हे होतच राहिलं. इकडे पाहुणा, तिकडे धाप. डॉक्टर म्हणाले, हार्टला हा ताण झेपणार नाही. बायको म्हणाली, "लॉज बंद करा. माणूस आधी." तिचं खरं होतं. पण बंद करायचा विषय निघाला की बाबा घास तोंडाबाहेर काढत. शेवटी त्यांच्या कॉटवर बसून बोललो, "बाबा, पाणी मी नेईन. तुम्ही पडून राहा." त्यांच्या डोळ्यांतून पाणी. मलाही आवरलं नाही.

दुसऱ्या दिवशी नाशिकच्या एक शिक्षिका आल्या. मी तांब्या घेऊन वर गेलो. त्यांनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खांद्यामागे पाहून हात जोडले.

"एवढासा तांब्या, आणि दोघांनी कशाला त्रास घेतलात?"

मी एकटाच होतो. तिथूनच आईला फोन लावला. ती कुजबुजली, "हळू बोल. झोपलेत. किती दिवसांनी असा शांत श्वास चाललाय..."

याला काय म्हणायचं, मला अजून कळलेलं नाही. मागे वळून बघायचा धीर झाला नाही. जिना उतरताना मात्र मी भिंतीला चिकटून उतरलो, कठड्याची बाजू मोकळी ठेवून. बाबांना धरायला आधार लागतो.