विक्रमी फुगडीतलं शेवटचं कडवं

आमच्या कोकणातल्या वाडीत गौरीच्या फुगड्यांना एक गाणं म्हणतात. चाल एकच, कडवी मात्र बायका असतील तितकी. सर्वांत धाकट्या सुनेपासून सुरुवात, मग वयानं चढत जायचं, शेवटचं कडवं म्हातारीचं. प्रत्येकीचं नाव तिच्या नवऱ्याच्या नावाशी गुंफायचं. ज्या बाईला नवरा नाही, तिला कडवंच नाही. माझी मावशी बाविसाव्या वर्षी विधवा झाली. तेव्हापासून दर गौरीला ती चुलीपाशी चहा ढवळत दुसऱ्यांची नावं ऐकत बसली. कुणी केला हा नियम? त्या शहाण्याला एकदा चुलीपाशी बसवायला हवं होतं.

दोन वर्षांपूर्वी मुलुंडला आमच्या मैदानावर एका मंडळाच्या अध्यक्षांनी टूम काढली. फुगडीचं सगळ्यांत लांब गाणं गाऊन विक्रम करायचा आणि त्याचा व्हिडिओ टाकायचा. आयत्या बिळावर नागोबा! गाणं आमच्या बायकांचं, बॅनरवर फोटो ह्यांचा. पण आई तयार झाली. म्हणाली, "मी गाईन, फक्त शेवटचं कडवं माझ्या थोरल्या बहिणीचं. नवऱ्याशिवाय, तिच्या एकटीच्या नावाचं."

"बिनधास्त घ्या ना, आई! झकास होईल," अध्यक्ष म्हणाले.

आईनं ते कडवं आठवडाभर घोळवलं. पोळ्या लाटताना गुणगुणायची, पुसायची, पुन्हा जुळवायची. त्या दिवशी भांडुपहून मावशीला रिक्षानं आणलं, पुढच्या रांगेत बसवलं. अबोली रंगाची नवी साडी नेसून ती सकाळपासून ताठ बसली होती. कानानं कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकरच्या अगदी जवळ.

बायका आळीपाळीनं फुगड्या घालत होत्या, आई आणि चौघीजणी गात होत्या. मंचावर विक्रमाची वेळ मोजणारं हे भलंमोठं घड्याळ. मधूनच अध्यक्षांच्या चिठ्ठ्या यायला लागल्या. त्यांच्या बायकोचं नाव घ्या, मेव्हणीचं घ्या, मंडप देणाऱ्याच्या बायकोचं घ्या. ह्या बायका मैदानात आल्याही नव्हत्या! आई चिठ्ठी वाचायची, ओठ आवळायची आणि गायची.

दुपार कलली. मावशीच्या आधीचं कडवं संपलं, आईनं श्वास घेतला आणि भोंगा वाजला. विक्रम झाला! कागदाचे तुकडे उडाले, डीजे सुरू झाला, आईसमोरचा माइक बंद.

"थांबा रे मेल्यांनो, एक कडवं राहिलंय!" आई ओरडली.

"आई, रेकॉर्ड झाला ना! आता कशाला दमताय?"

गरज सरो, वैद्य मरो. आईनं तसंच गायला तोंड उघडलं, पण सकाळपासून गाऊन ताणलेला घसा त्या ओरडण्यानं पार बसला. आवाजच फुटला नाही. मी अध्यक्षांना गाठून काय काय बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते हसत हसत कॅमेऱ्याकडे वळले.

मी परत आले तर मावशीनं माझा हात धरला. "माझा नाव इला काय गो? ह्या गोंधळात माका कायच ऐकाक येवक नाय."

तिच्या तोंडाकडे बघून मी बोलून गेले, "आलं ना मावशी! किती छान आलं."

आईनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. खरं सांगायला तिच्यात आवाज नव्हता, आणि नंतर धीर झाला नाही.

मंडळानं व्हिडिओ टाकला, वर लिहिलं, 'संपूर्ण गाणं'. संपूर्ण म्हणे! लाज कशी वाटत नाही ह्यांना? पण मला तरी कुठे वाटली?

मावशीनं तो व्हिडिओ फोनवर लावून घेतलाय. रोज जेवण झालं की बघत बसते. परवा तिच्याकडे गेले तेव्हा फोन मांडीवर चालू होता आणि ती पेंगत होती. मला बघून ओशाळली.

"मेली म्हातारपणाची झोप. माझा नाव येवच्या टायमाक नेमको डोळो लागता," ती म्हणाली. "तू बस गो हय. नाव इला काय माका उठव."