ह्यांच्यासाठी मी निवडलेला आवाज

ही गोष्ट माझ्या सख्ख्या बहिणीलाही ठाऊक नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा मी एवढं वगळून बाकीचं बोलते. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि खरं सांगू? तुमच्यावरही माझा पुरता विश्वास नाहीच. कुणावरच नसतो. दुधात बोट बुडवून बघितल्याशिवाय मी गवळ्याला दारातून हलू देत नसे. बाजारात चिक्कीचा पुडा घेतला तरी तिथल्या तिथे सोडून बघायची — वर चांगले तुकडे आणि खाली चुरा, असं तर नाही ना? लोक हसायचे. हसेनात का! पण तोच संशय मी घरात आणला, माझ्या माणसावर घेतला. त्याला कुणी हसलं नसतं.

आम्ही लोणावळ्याला, कुसगावच्या अंगाला, दोन खोल्यांत राहायचो. हे रेल्वेच्या शेडमध्ये फिटर. घाट चढताना गाडीला मागून जोर द्यायला इंजिनं लावतात ना, त्यांची दुरुस्ती. दिवसभर लोखंडावर लोखंड. पस्तिशीतच ह्यांच्या कानात शिट्टी सुरू झाली — बारीक, न थांबणारी. माझ्या हातून ताटली पडली की हे कानांवर हात ठेवून डोळे मिटून घ्यायचे. ओरडायचे नाहीत. ओरडले असते तर मला भांडता तरी आलं असतं.

आणि अशा माणसाला वेड कशाचं? तर गाण्याचं.

रेडिओ होता आमच्याकडे. पण तेव्हा रेडिओ एकट्याचा नसायचा हो. शेजारपाजारची माणसं दारात येऊन बसायची, ‘मोठ्यानं लावा’ म्हणायची, आणि तो मोठा आवाज ह्यांना सोसायचा नाही. चारचौघांना नाही तरी कसं म्हणणार? शेवटी बाळूनं — म्हणजे बाजारातल्या रेडिओ मेकॅनिकनं — एक हेडफोन आणून रेडिओला जोडून दिला. नुसता जोडला तर आवाज चरचरीत यायचा. मधे एक छोटा ॲम्प्लिफायर टाकला की मऊ होईल, म्हणाला. तो बघून आणतो, तोवर असंच ऐका.

आता तुम्हीच सांगा — त्या काळात कान झाकून रेडिओ कोण ऐकायचं? सगळ्यांनी मिळून ऐकायची ती वस्तू. आणि हे भिंतीला टेकून बसायचे, पाच-दहा मिनिटंच, पण डोळे मिटून — हसायचे. एकटेच! मी समोर बसून तांदूळ निवडतेय आणि हे कुणाचं तरी ऐकून हसतायत. “काय ऐकताय?” “गाणं.” “कुणाचं?” “असंच, कुणाचं तरी.” माझ्या मनात पाल चुकचुकली.

कारण नणंदेनं एकदा हळदीकुंकवाला हसत हसत सांगितलं होतं. माझ्याआधी हे तळेगावची एक मुलगी बघायला गेले होते. बघण्याच्या कार्यक्रमात सांगतात तसं तिला गायला सांगितलं, आणि ती अशी गायली की हे पोह्यांची बशी हातात धरून तसेच बसून राहिले. मुलीकडूनच नकार आला. शेडमधला माणूस नको म्हणाले. नणंद पुढे म्हणाली, ती आता रेडिओवर गाते म्हणे.

मला गायला सांगितलंच नव्हतं. मला नुसतं चालून दाखवायला सांगितलं होतं.

तेव्हापासून मी डोळ्यांत तेल घालून बघायला लागले. कुठल्या वारी हे लवकर घरी येतात? कुठल्या गाण्याला मान जास्त डोलते? हेडफोन काढल्यावर माझ्याकडे बघतात का नजर चुकवतात? बघायचे. सरळ बघायचे. त्याचाही मला संशय आला.

मग एका रविवारी बाळू दोन ॲम्प्लिफायर घेऊन आला. एक व्हॉल्व्हचा — आत काचेचे दिवे असलेला, मसाल्याच्या डब्याएवढा, तापायला वेळ घेणारा. दुसरा ट्रान्झिस्टरचा, नवा, चकचकीत. ह्यांनी दोन्ही लावून बघितले आणि नुसतीच मान हलवली. शेडमधली पाळी संपवून आलेले, कान भणभणत होते. कुठला बोचतोय तेच कळेना. “आत्ता बरा वाटेल आणि उद्या दुखेल,” म्हणाले, आणि हेडफोन माझ्या हातात दिला. “तू सांग. तू म्हणशील तो ठेवू.”

कुणीतरी बाई गात होती. नाव आधीच सांगून झालं होतं, मला कळलं नव्हतं. मी ठरवून टाकलं — हीच ती!

पहिल्यांदा व्हॉल्व्हचा ऐकला. काय सांगू तुम्हाला! गरम भातावर तूप उतरावं तसा आवाज. कानाला कुठे काही लागत नव्हतं. ती बाई माझ्या शेजारी बसून गात होती. आणि तेच मला सहन झालं नाही. ही ह्यांच्या इतक्या जवळ येऊन बसणार? रोज? माझ्या घरात?

मग दुसरा. तीच बाई, तेच गाणं, पण वरचा सूर लागला की तव्यावर उलथनं खरवडल्यासारखं व्हायचं. तंबोरासुद्धा टोचत होता. मला कळलं — अगदी स्पष्ट कळलं. चुकून झालं, असं मला कधीच म्हणता येणार नाही.

“हा दुसरा,” मी म्हणाले. “पहिला फारच दबका आहे.”

बाळू चमकला. “वहिनी, परत एकदा ऐका की. लय फरक हाय दोन्हीत.”

“मला काय कान नाहीत?” मी असं फाडकन बोलले की तो बिचारा पहिल्याच्या वायरी सोडवायला लागला. हे हसले. “झालं तर मग. हाच ठेव, बाळू.”

आणि तोच राहिला. हे रोज हौसेनं लावायचे आणि थोड्या वेळानं काढून कानशिलं चोळत बसायचे. दोष कुणाला दिला? मला नाही, त्या ट्रान्झिस्टरच्या डब्यालाही नाही. “माझेच कान गेले गं,” म्हणायचे. आल्यागेल्याला तो डबा दाखवायचे — आमच्या हिनं निवडलाय! मी तिथेच उभी असायची. व्हॉल्व्हचा तो पहिला बरेच दिवस बाळूच्या फळीवर पडून होता. मी भाजी आणायला तिथूनच जायची. एक शब्द बोलले असते तर काम होतं. पुढे तुंगार्लीतल्या कुठल्याशा बंगलेवाल्यानं तो नेला, आणि मला — लाज वाटते सांगताना — हायसं वाटलं.

ती तळेगावची मुलगी? लग्नानंतर तिनं गाणं सोडलं होतं. रेडिओवर ती कधी गायलीच नव्हती. नणंदेनंच पुढे बोलता बोलता सांगितलं, तिला कुणीतरी चुकीचं सांगितलं होतं म्हणून. पण समजा, असती तीच — तरी काय? दिवसभर लोखंड ऐकणाऱ्या माणसानं संध्याकाळी घटकाभर एक गोड आवाज ऐकला असता, तर माझं काय जाणार होतं?

हे कळल्यावरही मी गप्पच राहिले. कान दुखतात म्हणून ह्यांनी ऐकणं कमी केलं, मग सोडलंच. पण रविवार सकाळचं गाणं त्यांना चुकवायचं नसे. तेव्हा त्यांनी एक नवीनच रीत काढली. डबा सुरू करायचे, हेडफोन स्वतःच्या हातानं माझ्या कानांवर चढवायचे, आणि समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत राहायचे. मी ऐकायचं आणि त्यांना सांगायचं — आता आलाप चाललाय, आता तान घेतली. वरचा सूर लागला की कानात कळ जायची. मी तोंड वाकडं होऊ देत नसे.

“बोचत नाही ना गं?” ते विचारायचे.

“छे हो,” मी म्हणायची. “मऊ आहे अगदी.”