रंगुबाईंचे चार कंद

कुंडलच्या रंगुबाईंनी साठीपर्यंत स्वतःसाठी म्हणून कधी काही मागितलं नाही. मागितलं ते एकदाच. त्यांचा मुलगा शिवतेज काश्मीरला फौजेत. त्यानं छावणीतल्या जांभळ्या आयरिसच्या फुलांचा फोटो पाठवला, तेव्हा त्यांनी मला हेच आण म्हणून हट्ट धरला. सुट्टीवर येताना त्यानं पिशवीतून चार कंद आणले आणि बजावलं, कंदाची पाठ उन्हात उघडी ठेवायची; मातीनं झाकली की कुजलाच.

तीन वर्षं नुसती पाती आली. एवढा मोठा लसूण कशाला लावलाय, म्हणून गल्लीनं टर उडवली. बाईंनी दाद दिली नाही. मुरमाच्या उंचवट्यावर कंद जपले, पिवळी पानं काढली, पाणी हात राखून दिलं. चौथ्या वर्षी फेब्रुवारीत एका कंदातून कळीचा दांडा वर आला.

नेमकी तेव्हाच कोरेगावची बहीण आजारी पडली आणि त्यांना दहा दिवस तिकडं राहावं लागलं.

मागं घरी नवरा, लालासाहेब. चाळीस वर्षं हळद पिकवलेला माणूस. उघडा पडलेला कंद दिसला की याची अब्रू जाते. बायकोला तेवढीच मदत म्हणून त्यांनी हळदीला लावतात तशी मातीची भर चारही कंदांना लावली, वर रोज घागरभर पाणी. ती परत आल्यावर कौतुकानं दाखवायलाही नेलं. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ते हेच.

दांडा आडवा पडला होता. रंगुबाईंनी बोटांनी माती उकरली, तर हाताला घाण वासाचा चिखल लागला. त्यांच्या डोक्यात संताप उसळला. चार वर्षांत या माणसानं हे काय लावलंयस म्हणून एकदाही विचारलं नव्हतं. विचारायचं कशाला? जमिनीतलं सगळं त्यालाच कळतं ना.

तीन कंद उकिरड्यावर गेले. चौथ्याचा सडका भाग त्यांनी विळीनं कापला, राख लावली आणि उरलेला अंगठ्याएवढा तुकडा पुन्हा मुरमावर उघडाच ठेवला.

लालासाहेब मान खाली घालून उभे होते. "चुकलं माजं. आता म्या काय करू, सांग."

"काय बी करू नगा," रंगुबाई म्हणाल्या. "चाळीस वरसं मला न इचारता सगळं केलंसा. आता इचारलंसा न्हवं, मग गप बसा."