फरशीनं रंगवलेली साडी

"ही साडी गुलाबी हाय, बाई," नायगावहून आलेल्या मावशी म्हणाल्या.

काउंटरवरून खाली सोडलेली साडी पांढरी होती. कंपनीच्या लेबलवर पांढरी, बिलात पांढरी. पण मावशींच्या मागे उभी राहून मी पाहिलं, तर मलाही ती गुलाबी दिसली. फिक्की, धुऊन विटलेल्या गुलालासारखी.

"पांढरी शुभ्र हाय मावशी, नीट बगा तरी," दुकानाच्या मालकीण वैशालीताई काकुळतीला येऊन म्हणाल्या.

"माझे डोळे काय फुटले का? लेकीचं लग्न हाय. पांढरं म्हंजे पांढरं पायजे."

मावशींनी साडी उचलली, थेट दाराबाहेर नेली आणि उन्हात धरली. तिथे ती पांढरी दिसली. आत आणली, परत गुलाबी. पुन्हा बाहेर, पुन्हा आत.

"उन्हात एक रंग, दुकानात एक. मांडवात कोणता दिसंल, सांगा बरं?" मावशींनी साडी काउंटरवर ठेवली. "आन् बस्ता काय उभ्यानं बांधतेत का? बसायला गादीबी न्हाई तुमच्याकडं." एवढं बोलून त्या बरोबरच्या बायकांना घेऊन निघून गेल्या.

मी तिथे साडी घ्यायला गेले नव्हते. नांदेडमध्ये रंगाच्या एका डीलरकडे मी कलर कन्सल्टंट आहे. म्हणजे कोणत्या भिंतीला कोणता रंग द्यावा, हे लोकांना सांगते. माझ्या सासूबाईंच्या मते हे कामच नाही, नुसत्या गप्पा आहेत. त्या दिवशी मी तक्रार बघायला गेले होते. वैशालीताईंनी भिंतींना पांढरा रंग सांगितला होता आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे आमच्या डब्यातून गुलाबी निघाला होता. पेंटर म्हणत होता, मी पांढराच मारला. आमचे मालक मला म्हणाले, "मॅडम, जाऊन बघा. आणि डबा बदलून देतो असं कबूल करून येऊ नका."

पण मावशी गेल्यावर भिंतीपेक्षा साडीनंच माझं डोकं खाल्लं. भिंत पेंटरनं रंगवली असेल, साडी कोणी रंगवली?

मावशींना हसण्याचा तर प्रश्नच नव्हता. आम्हा बौद्धांच्या लग्नात नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत असतात. माझ्या लग्नाच्या साडीसाठी आईनं लातूरची सगळी दुकानं पालथी घातली होती. कुठली पिवळट, कुठली निळसर. पांढऱ्यात किती भानगडी असतात ते मला तेव्हाच कळलं.

वैशालीताई स्टुलावर बसल्या होत्या आणि त्यांचे डोळे भरून आले होते. कितीतरी वर्षं घरी ब्लाउज शिवून त्यांनी हे दुकान उभं केलं होतं. दुकानाची ही पहिलीच लगनसराई. "मॅडम, पार्ट्या येतेत, दारात नेऊन बगतेत आन् जातेत. ही सराई अशीच गेली, तर दुकान बंद करून पुन्हा मशीनवर बसावं लागंल."

मला फार वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर तितकीच उत्सुकताही वाटली.

आधी संशय दिव्यांवर. सगळे दिवे बंद करायला लावले, तरी भिंत गुलाबीच. म्हणजे दिवे सुटले. मग मी बिलाच्या गठ्ठ्यातला एक कोरा कागद घेतला. छताकडे तोंड करून आडवा धरला तर पांढरा. तोच कागद उंच धरून त्याची खालची बाजू वाकून पाहिली, तर गुलाबी. मी खाली पाहिलं.

फरशी! तांबूस गुलाबी, मोठमोठी, तोंड दिसेल इतकी चकचकीत. समोरची बाजू पूर्ण काचेची. ऊन काचेतून फरशीवर पडायचं आणि तिचा रंग घेऊन भिंतींवर, साड्यांवर, माणसांच्या तोंडावर उडायचं. पांढऱ्या भिंतीला स्वतःचं मत नसतं, जे येईल ते ती परत फेकते. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला तर वाण नाही पण गुण लागतो म्हणतात. इथे सरळ वाणच लागला होता.

डबा निर्दोष सुटला. आमचे मालक खूश झाले. वैशालीताईंना त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

"फरशी बदलता येईल?" मी विचारलं.

त्यांनी वर बोट दाखवलं. वरच्या मजल्यावर जागेचे मालक बळीरामकाका राहायचे. ते खाली आले, माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "फरशीला हात लावायचा न्हाई. हैदराबादला जाऊन सोता निवडून आनली हाय मी. लोकं थांबून थांबून बगून राहिले फरशी. तुमी भिंतीचं बोला."

"मग त्यावर गालिचा टाकू?"

"झाकून ठेवाया आनली व्हय?"

आता उरल्या भिंती. गुलाबीला हिरवा कापतो, हे आमच्या धंद्यातलं पाठ असलेलं वाक्य. एका भिंतीवर फिकट हिरव्याचा मोठा सॅम्पल पॅच मारला. सॅम्पल पॅच म्हणजे अख्खी भिंत रंगवण्याआधी मारून बघायचा तुकडा. झालं असं, की हिरव्याशेजारी फरशी आणखीच गुलाबी उठली आणि भिंतीजवळ उभ्या वैशालीताई कावीळ झाल्यासारख्या दिसायला लागल्या. साडी ना पांढरी राहिली ना गुलाबी. उंदरासारखी झाली.

घर असतं तर मी वेगळं सांगितलं असतं. नको असलेल्या फरशीशी भांडायचं नाही, तिच्याच नात्यातला पण शांत रंग भिंतीला द्यायचा. मग फरशी मुद्दाम निवडल्यासारखी वाटते. प्रत्येक रंगाच्या पोटात दुसरा एक रंग असतो, त्याला आम्ही अंडरटोन म्हणतो. या फरशीच्या पोटात तांबडा होता. त्याला चालेल असा रंग मला सापडलाही. ज्वारीच्या पिठाचा. पांढरा नाही, थोडा राखेकडे, थोडा उबदार. तो पॅच मारला आणि फरशी एकदम शहाणी झाली. पण साडी अजून गुलाबी ती गुलाबीच. भिंतीचा भडकपणा गेला, तरी फरशी खालून रंग फेकतच होती.

मी वैतागून खालीच बसले. बसल्यावर मावशींचं बोलणं आठवलं. बस्ता काय उभ्यानं बांधतात का?

लहानपणी पाहिलेली सगळी कापडाची दुकानं डोळ्यांसमोर आली. भिंतीपासून भिंतीपर्यंत गादी, त्यावर पांढरी चादर, चपला बाहेर. मला वाटायचं, हे बसण्याच्या सोयीसाठी आहे. ते होतंच. पण त्या चादरीमुळे खालून रंग येत नव्हता, आणि प्रत्येक साडीशेजारी पांढरं म्हणजे काय ते दाखवायला पांढरं हजर होतं.

"गादी?" वैशालीताईंचं तोंड उतरलं. "मॉडर्न शोरूम म्हनून तर काउंटर केले मॅडम."

"काउंटर मागच्या बाजूला राहू द्या. काचेजवळ, जिथे ऊन पडतं, तिथे गादी आणि वर पांढरी चादर. गादीमागच्या भिंतीला साधा राखाडी, मॅट. मॅट म्हणजे बिनचमकीचा. तो उजेड पिऊन टाकतो, फेकत नाही. बाकी भिंतींना ज्वारीचं पीठ."

बळीरामकाकांना मी समजावलं, की बस्त्याला आलेली माणसं चपला काढून तुमच्या फरशीवरून चालत गादीपर्यंत येतील. काकांनी फरशीकडे पाहिलं. "अनवाणी? मग चाललं."

रंग वाळल्यावर काका पुन्हा आले. ज्वारीच्या भिंतीकडे, मग खाली पाहिलं. "आत्ता कशी उठून दिसून राहिली फरशी! वरच्या मजल्यालाबी हीच टाकतो." मी मान डोलावली. वर साड्या विकायच्या नव्हत्या.

वैशालीताईंनी मावशींना फोन केला. मावशी लेकीला घेऊन आल्या, तेव्हा मी मुद्दाम तिथे थांबले होते. गादीवर बसल्या, पाणी प्याल्या. वैशालीताईंनी साडी उलगडली. पांढरी. मावशींनी ती चिमटीत धरली, काठ पाहिला आणि मान वर केली.

"ही तीच हाय का? मागच्या बारीची?"

नाही म्हणणं फार सोपं होतं. वैशालीताईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"हाव मावशी. तीच."

"मग तवा गुलाबी कशी होती?"

वैशालीताईंनी साडीचा पदर गादीच्या कडेपलीकडे, उघड्या फरशीवर धरला. गुलाबी. गादीवर ओढला. पांढरा. मावशींनी पदर हातातून घेतला आणि स्वतः करून पाहिलं. मग लेकीनं केलं. मग दोघींनी मिळून, हसत हसत.

"अगं माय! या फरशीनं तर आमचं लगीनच रंगवलं असतं."

तरीही त्या उठल्या आणि साडी दाराबाहेर नेऊन उन्हात बघून आल्याच. आत येऊन पुन्हा मांडी घालून बसल्या.

"ही बांधा. आता नवरदेवाचं काढा. सगळा बस्ता हितंच."

वैशालीताई कपाटाकडे वळल्या त्या डोळे पुसतच. माझेही भरून आले, पण माझ्या हातात रंगांच्या नमुन्यांचं शेड कार्ड होतं, मी ते चाळत बसले.

हल्ली कोणी रंगाचा सल्ला मागायला आलं, की मी भिंतीबद्दल काही विचारत नाही. फरशी कसली आहे आणि माणसं बसतात कुठे, एवढं विचारते. सासूबाई म्हणतात, आता तर फक्त खालीच बघतेस. त्यांचं बरोबर आहे.