रसाच्या वाटीचा आलेख

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आमच्या व्याह्यांना त्या रविवारी जेवायला बोलावलं ते प्रेमापोटी नव्हे, गृहपाठासाठी.

मुलीची सोयरीक तेव्हा पक्की झाली होती, लग्न तोंडावर होतं. मी बुलढाण्याला एका कार्यालयात कारकून. पदवी तरुणपणीच अर्धवट सुटलेली, त्यामुळं बढतीची वेळ आली की माझं नाव हटकून गळायचं. शेवटी पन्नाशीला टेकल्यावर ऑनलाइन कॉलेजात नाव घातलं. गुपचूप घातलं, कारण या वयात नापास झालो असतो तर नव्या सोयऱ्यांपुढं तोंड दाखवायची पंचाईत. गच्चीवर पाण्याच्या टाकीमागं बसून, कानात इअरफोन घालून व्याख्यानं ऐकायचो. बायकोला वाटायचं, कीर्तन ऐकतो. माणूस अलीकडं देवाकडं वळला, असं तिनं शेजारणीला सांगितलंही होतं. मी इकडं मागणी आणि पुरवठा ऐकत होतो.

अर्थशास्त्र शिकवणाऱ्या मॅडम माझ्या मुलीपेक्षा फार तर चार-दोन वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत शिकवला. नाव भारदस्त, पण गोष्ट सोपी. तहानलेल्याला पाण्याचा पहिला पेला अमृतासारखा लागतो, दुसरा बरा लागतो, पुढं पुढं पाणी बघवत नाही. गृहपाठ असा होता की घरातल्या कोणाला एकच पदार्थ पुन्हापुन्हा द्यायचा, दर वेळी समाधान दहापैकी किती ते विचारायचं आणि आलेख काढायचा. रेघ खाली उतरली पाहिजे.

आता घरातलं कोण धरायचं? बायको कारण विचारणार. मुलगी तर विचारणारही नाही, थेट ओळखणार. दिवस आंब्याचे होते. लग्नाआधी व्याह्यांना रसाचं जेवण द्यायचंच होतं. मी फक्त ते गृहपाठाच्या मुदतीआधी उरकून घेतलं.

व्याही पिंपळगाव राजाचे, म्हणजे आम्हा घाटावरच्यांच्या भाषेत घाटाखालचे. मिरची-वांगी लावणारा शांत माणूस. अंगानं इतके काडी की सदरा त्यांनी घातलाय की खुंटीला टांगलाय कळू नये. येताना आमच्यासाठी पिशवीभर मिरच्या घेऊन आले. मी पिशवी घेतली आणि मनात म्हटलं, माणूस हलका आहे, रेघ लवकर उतरेल.

पहिली वाटी संपली. मी विचारलं, रस कसा झाला? लय गोड, म्हणाले. तसं नाही, दहापैकी किती? त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दारात पातेलं घेऊन उभ्या असलेल्या माझ्या बायकोकडं पाहिलं आणि आठ म्हणाले. मी मोबाइलवर टिपून घेतलं. दुसऱ्या वाटीला नऊ. तिसरीला दहा.

रेघ वर चालली होती.

खरं तर तिथंच थांबायला हवं होतं. पण पुस्तकात लिहिलंय म्हणजे कधीतरी उतरेलच, या भरवशावर मी बायकोला खूण केली. तिला वाटलं, नवऱ्याला नवीन सोयऱ्याचं काय कौतुक आलंय. ती पुढं आली.

"भाऊ, लाजू नका. एकच वाटी."

व्याह्यांनी वाटीवर आडवा हात धरला. तिनं बोटांच्या फटीतून रस ओतला. आमच्याकडं हात आडवा धरणं म्हणजे नको म्हणणं नसतंच, आग्रह सुरू करायची ती परवानगी असते. त्यांनी ती वाटीही संपवली. डोळ्यांत पाणी तरळलं होतं.

"अकरा," ते म्हणाले.

"दहापैकी विचारलं, व्याहीबुवा."

"हाव. पन रसच तसा हाय."

त्यानंतर ते घाटातल्या बसनं घरी गेले. बस वळणावळणावर थांबवावी लागली, असं पुढं कानावर आलं. मी तेव्हा आलेख काढत होतो. आलेख टेकडी चढल्यासारखा दिसत होता. खाली प्रामाणिकपणे लिहिलं, 'सदर सिद्धांत पिंपळगाव राजा येथील व्यक्तीस लागू होत नाही.' मॅडमनी पैकीच्या पैकी गुण दिले. शेरा दिला, 'ती व्यक्ती आता बरी आहे ना?'

मी चौकशी केली नाही. चौकशी केली असती तर का करतोय तेही सांगावं लागलं असतं.

मी पास झालो, पदवी मिळाली, बढतीही झाली. घरी सांगितलं की साहेबांची मर्जी बसली. आणि व्याही आमच्या सगळ्या गोतावळ्यात खाणारा माणूस म्हणून प्रसिद्ध झाले. बायकोनंच कौतुकानं पसरवलं. आता कोणाच्याही लग्नात वाढपी त्यांच्या पानाजवळ आला की मागून आवाज येतो, त्यांले इचारू नका, टाका. आणि तो काडीएवढा माणूस मान खाली घालून गुमान खातो. माझ्या बढतीचे पेढेही त्यांनी खाल्ले, मी समोर उभा होतो म्हणून.

परवा मुलीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "पप्पा, मामाजी घरी रसाले हात लावत नाहीत. त्यांले आंबा सोसतच नाही. तुमच्याकडं आले की काऊन खातात एवढा?"

मी म्हटलं, त्यांनाच विचार. तिनं विचारलं होतं. सासऱ्यांनी हसत जे सांगितलं ते तिनं जसंच्या तसं ऐकवलं.

"तुया बाप मोबाइलात नंबर देऊन राह्यला होता. मले वाटलं, परीक्षा हाय. पोराचं लगन तोंडावर, मंग नापास होऊन कसं जमन?"

मुलगी हसत होती. मीही हसलो. फोन ठेवल्यावर गच्चीवर टाकीमागं जाऊन बसलो. परीक्षा होतीच. पेपर त्यांनी दिला, पास मी झालो, आणि आंबा न सोसणारा तो माणूस दर उन्हाळ्याला फेरपरीक्षेला येतो.

यंदाही रविवार ठरलाय. बायकोनं आंबे पिकायला घातलेत, घरभर वास सुटलाय. पातेलं तेच आहे.

व्याह्यांना मी अजून दोन गोष्टी देणं लागतो. एक, ते नंबर कशाचे होते हे त्यांच्यासमोर बसून, बायकोच्या देखत सांगणं. दुसरं, वरण-भाताचं एक साधं जेवण, ज्यात त्यांनी हात आडवा धरला की वाढणारा थांबेल.